एका तासाचं सुतक

दार उघडल्या उघडल्या ग्रेटेमावशीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. फाटकापर्यंत दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग ती अशी हसली, की वरची सगळी कवळी मला दिसली.

"हरली!" ती म्हणाली. "शेवटी हरली ना तुझी आई?"

मी म्हटलं, "हो."

हे 'हो' माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. कारण पुण्याहून पाचगणीला मी आले होते ते तिला एवढंच सांगायला, की आई आता नाही. आईला जाऊन महिना उलटला होता.

वास्तविक मी तयारीनिशी आले होते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. अप्रिय बातमी कशी सांगावी यावर दर वर्षी एक प्रश्न काढायची. समोरच्याला आधी बसवावं, हात हातात घ्यावा, आडवळण न घेता थोडक्या शब्दांत सांगावं, पाच गुण. दोन वर्षांपूर्वी एका महिला मंडळात 'वियोगाला सामोरं जाताना' या विषयावर बोलून शाल आणि नारळही घेऊन आले होते. पसरणीच्या घाटात शेजारच्या बाई खिडकीतून ओकत होत्या आणि मी ओठातल्या ओठात वाक्यं घोटत होते. भावाने म्हणजे श्रीकांतने मलाच पाठवलं होतं तेही त्याच कारणाने. "तिला हृदयाचं दुखणं आहे. तार करायची नाही. तू जा. तुझं एवढं वाचन आहे." मग तेराव्यानंतर जाऊ म्हटलं, तेरावं झाल्यावर परीक्षांचे पेपर आले, पेपर संपल्यावर मला सर्दी झाली. ज्याचं वाचन दांडगं असतं त्याला न जाण्याची कारणंही दांडगी सुचतात.

आणि आता दारातच मी आईला हरवून मोकळी झाले होते.

"आणि हे काय? हे तिने पाठवलं?" मावशीने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. आत खारी बिस्किटं होती, स्वारगेटला गाडी सुटायच्या आधी घेतलेली.

"हो."

"मथूने? बेकरीचं?" तिने पुडा उलटासुलटा करून पाहिला. "अगंबाई! मग फारच शरण आली की!"

ग्रेटेमावशी बोलायची ती मराठी माझ्या मराठीपेक्षा पन्नास वर्षांनी जुनी होती. ती तिला माझ्या आजीने शिकवली होती. मावशी व्हिएन्नाची, ज्यू. हिटलर त्या शहरात शिरला तेव्हा आईवडिलांनी तिला आत्याबरोबर बोटीत बसवून दिलं. ते दोघं मागाहून येणार होते. आत्या-भाची मुंबईला उतरल्या, आणि वर्षभरात लढाई सुरू झाली. सरकारने सरळ हिशेब केला: पासपोर्ट जर्मन म्हणजे माणूस जर्मन, जर्मन म्हणजे शत्रू. हिटलरला भिऊन पळालेल्या त्या दोघींना हिटलरच्या बाजूच्या म्हणून साताऱ्यात आणून ठेवलं. गाव सोडायचं नाही, पोलिसांत हजेरी द्यायची. राहायला दोन खोल्या मिळाल्या त्या माझ्या आजोबांच्या घराला लागून. आजोबांना सगळे आप्पाशास्त्री म्हणत. सुतक कुणाला किती, कधी फिटतं, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. त्यांची मथू, म्हणजे माझी आई, आणि ग्रेटे एका वयाच्या. पहिल्याच दिवशी सागरगोट्यांवरून दोघींचं जुंपलं आणि तेव्हापासून त्या एकमेकींशिवाय राहिल्या नाहीत.

लढाई संपली, आत्या पुढे वारली, ग्रेटेमावशी पाचगणीत एका शाळेत पियानो शिकवायला लागली आणि तिथलीच झाली. लग्न केलं नाही. दर दिवाळीला आमच्याकडे यायची. मागच्या दिवाळीला मात्र दोघींचं असं वाजलं, की भाऊबीजेच्या सकाळी मावशी पहिल्या एस.टी.ने निघून गेली. तेव्हापासून अबोला.

"आधी बस," मावशी म्हणाली. मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. पाच गुणांच्या उत्तरातलं सगळं तीच करत होती. "आता शब्दाला शब्द सांग. काय म्हणाली मथू?"

"म्हणाली... की मनात अढी ठेवू नये."

"कोण म्हणालं?"

"आई."

"मथू म्हणाली, अढी ठेवू नये?"

"म्हणजे... चूक आपलीही असू शकते, असं म्हणाली."

मावशीने माझा एक हात सोडला आणि आपला हात माझ्या कपाळाला लावून पाहिला, ताप आहे का ते. मग विचारलं, "बरी आहे ना गं ती?"

हीच वेळ होती. दाराची कडी काढून कुणी ते ढकलून द्यावं तसा प्रश्न तिने माझ्यापुढे उघडून ठेवला होता.

"बरी आहे," मी म्हटलं.

"मग खोटं कशाला बोलतेस? मथू असं बोलणारच नाही. ती म्हणाली असेल, त्या टवळीला सांग, फार झाला तोरा, होळीला ये. काय?"

"हो," मी म्हटलं. "असंच काहीसं."

चाळीस वर्षं आईच्या हाताखाली काढून मला तिच्यासारखं एक वाक्य बोलता येऊ नये, आणि व्हिएन्नाच्या बाईला यावं! मला तिथेही, त्या अवस्थेत, थोडा मत्सर वाटला हे सांगायला हवं.

जेवायला बसलो. मावशीने मटकीची उसळ आणि बटाटा किसून केलेली धिरडी केली होती. खाण्यापेक्षा तिचं बोलणं जास्त चाललं होतं. जिंकलेला माणूस लढाई पहिल्यापासून सांगतो तशी ती सांगत होती.

"संक्रांतीला तिळगूळ आला नाही, तेव्हा मी म्हटलं, ग्रेटे, हा राग खरा आहे. पंचेचाळीस वर्षांत कधी चुकला नाही तिळगूळ. पोस्टमनला मी तीनदा विचारलं. त्याला वाटलं, म्हातारीला मनिऑर्डर यायची आहे."

मी धिरड्याचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आई गेली ती संक्रांतीच्या आधी. तिळगुळासाठी आणलेले तीळ डब्यात तसेच राहिले होते.

"पण मीही फोन केला नाही. म्हटलं, तिने आधी करावा. खरं बोललं म्हणून का मी नमतं घेऊ? तूच सांग, तू होतीस तिथे. मी काय खोटं बोलले?"

मी होते तिथे. श्रीकांतच्या मुलांना आई ती घड्याळाची गोष्ट सांगत होती. ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की मुलं तिच्या पुढची वाक्यं आधीच म्हणायची. आई म्हणाली, "आणि मग मी काय केलं? घड्याळच थांबवलं!" आणि कोपऱ्यात चकली खात बसलेली ग्रेटेमावशी सहज म्हणाली, "थांबवलं कुठलं? किल्ली द्यायला विसरलीस तू." मुलं फिदीफिदी हसली. आई उठून आत गेली ती रात्रीच्या जेवणालाही बाहेर आली नाही.

"आप्पांच्या ओटीवर ते भिंतीचं घड्याळ होतं," मावशी म्हणाली. "त्याला किल्ली द्यायचं काम मथूचं. दर रविवारी. आणि ती दर रविवारी विसरायची. आप्पा ओरडायचे, मग द्यायची. हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं."

"मावशी, मला ती गोष्ट माहीत आहे."

"तुला मथूची माहीत आहे. आज माझी ऐक. आज ती हरली आहे."

आणि तिने सांगितली. मी अडवलं नाही. ती सांगत होती तोवर मला काही सांगावं लागणार नव्हतं.

"लढाई संपली, त्याच्या पुढच्या थंडीत बातमी आली. मुंबईहून आमच्यातलेच एक गृहस्थ आले होते. त्यांनी आत्याला सांगितलं, आत्याने मला. आईवडील दोघंही नाहीत. कधी? ठाऊक नाही. दोन वर्षं झाली असतील, तीन झाली असतील. कुठे? पोलंडात कुठेतरी. आत्या अंथरुणाला खिळली. मी काय करावं? मला रडूही येईना. मी तुझ्या आईकडे गेले. विहिरीवर होती, भांडी घासत. मी म्हटलं, मथू, माझे आईबाबा मेले. ती तशीच राखेच्या हातांनी उठली आणि आप्पांकडे गेली. म्हणाली, ग्रेटेला सुतक किती?"

"आप्पांनी काय म्हटलं?"

"आप्पांनी पोथीबिथी काही काढली नाही. त्यांना पाठच. म्हणाले, कळायला किती दिवस लागले? मथू म्हणाली, वर्षं लागली. तर म्हणाले, वर्ष उलटून कळलं तर सचैल स्नान. नेसत्या वस्त्रानिशी अंघोळ करायची, की सुटली. मी म्हटलं, आमच्यातही तसंच. सात दिवस जमिनीवर बसायचं असतं, पण तीस दिवस होऊन गेल्यावर कळलं तर एक तास. जोडे काढायचे, तासभर खाली बसायचं, उठायचं."

मावशी हसली. "तर मथूने काय म्हणावं? आप्पांच्या तोंडावर! म्हणाली, दोन्ही धर्म मेले कंजूष!"

"आप्पा चिडले असतील."

"चिडले? ते उठून आत गेले. मग आम्ही दोन्ही केलं. मथूने माझ्या डोक्यावर विहिरीचं पाणी ओतलं, फ्रॉकसकट. आणि मी ओटीवर जाऊन बसले, घड्याळाखाली. मथू शेजारी. आता तुझी आजी. मी एरवी ओटीवरून उठले की आजी ती जागा सारवून घ्यायची. सुतकातल्या माणसाला शिवत नाहीत. पण मला तसंही शिवत नव्हते! फरक एवढाच, की आता कारण होतं. आजीने स्वतःहून पिठलं-भात आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, सुतक धरते आहे पोर, म्हणजे घरातलीच झाली."

"आणि घड्याळ?"

"मी घड्याळाकडे बघत बसले होते. तास कधी होतो त्याची वाट बघत. चार वाजून दहा मिनिटं. बसले, बसले, पुन्हा बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, दुःखात तास मोठा वाटतो म्हणतात तो हाच. अंधार पडला. घड्याळात चार-दहा. मथूने वर पाहिलं. मी मथूकडे पाहिलं. मथूच्या चेहऱ्यावर काय होतं, सांगू? रविवारी किल्ली राहिली की असायचं तेच. जीभ चावली होती तिने. मी डोळ्यांनी पाहिली आहे ती चावलेली जीभ!"

तिने स्वतः जीभ चावून दाखवली. मला हसू आलं. आई तशीच चावायची, डाव्या बाजूने.

"मग दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. कारण तास झालाच नव्हता ना. घड्याळात चार-दहाच. आप्पा येता-जाता वर बघायचे आणि वेळ विचारायला शेजाऱ्यांकडे जायचे. घरात कुणी ब्र काढला नाही. मी पुरते सात दिवस बसले. आठव्या दिवशी मथूने स्टुलावर चढून किल्ली दिली. अशी गोष्ट. आणि ती सांगत फिरते, मी घड्याळ थांबवलं! पंचेचाळीस वर्षं मी गप्प बसले. दिवाळीत एकदा निसटलं तोंडातून."

तिने ताटं उचलली. न्हाणीघराशी जाऊन हात धुतले, स्वेटर चढवला, पायांत चामड्याचे सँडल सरकवले आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"बाजारात. एस.टी.डी.वर. तिने तुला पाठवलं, आता फोन मी करते. जिंकलेल्याने मोठं मन करावं."

ती पुढे आणि मी मागे. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सिल्व्हर ओकची झाडं आहेत, पायांत सुकी पानं येतात. मी दर झाडापाशी ठरवत होते, पुढच्या झाडाला सांगायचं. झाडं संपली आणि बाजार लागला. स्ट्रॉबेरीवाले ओरडत होते.

"मावशी, आई... देवळात गेली असेल आत्ता."

"मथू? तुझे वडील गेल्यापासून तिने देवळाची पायरी चढली नाही. दुपारची देवळात जाते म्हणे!" ती थांबली, माझ्याकडे वळली. "मला ठाऊक आहे तुझं काय चाललं आहे."

मी स्ट्रॉबेरीवाल्याकडे पाहिलं.

"तुला वाटतं, मी फोनवर पुन्हा भांडेन. नाही गं. मी तिला काय सांगणार आहे, ऐक. मी चार महिने यावर विचार केला आहे. मी म्हणणार आहे, मथे, पहिल्या दिवशी तू विसरलीस. ते मी सोडणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते घड्याळ तूच थांबवलंस. रोज सकाळी उठून तू त्याला किल्ली दिली नाहीस. आप्पांच्या घरात, आप्पांच्या डोळ्यांदेखत. हे बरोबर आहे ना? यात ती पण जिंकली, मी पण." आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मुलांसमोर तिची लाज काढायला नको होती मी."

बूथ अगदी समोर होता. पिवळ्या पाटीचा, काचेचा, एका माणसापुरता. आम्ही दोघी आत शिरलो. दार लागेना म्हणून मी ते पाठीने धरलं. बाहेर एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन थांबला होता. मावशीने पाठ असलेला नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि गळा साफ केला.

पुण्याच्या घराला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. फोन मात्र आम्ही अजून काढला नव्हता, तो कुणी काढायचा हे श्रीकांतचं आणि माझं ठरायचं होतं. मला तो वाजताना ऐकू येत होता. मावशीच्या कानाबाहेर सांडत होता तो आवाज. टेबलावरच्या क्रोशाच्या रुमालावर, बंद खोलीत.

"उठायला वेळ लागतो तिला," मावशी म्हणाली. "गुडघे."

तो वाजत राहिला.

"मथे," मावशी ओठातल्या ओठात म्हणाली, सराव करत. "पहिल्या दिवशी तू विसरलीस..."

मी हात पुढे केला आणि फोनचा खटका खाली दाबला. घंटा थांबली.

"मथू गेली, मावशी," मी म्हटलं. "घरी कुणी नाही. जानेवारीत गेली."

ना मी तिला बसवलं होतं, ना हात हातात घेतला होता. माझा एक हात खटक्यावर होता, पाठ दाराला. पाचपैकी शून्य.

ती माझ्याकडे नाही, रिसीव्हरकडे बघत होती. काचेवर टकटक झाली. बूथवाला वाकून म्हणाला, "मॅडम, लागला नसेल तर पैसे नाहीत हां. यांना करू द्या."

बाहेर आल्यावर मावशीने विचारलं, "कधी?"

"संक्रांतीच्या आधी."

"म्हणजे तिळगूळ..."

"हो."

ती बोटांवर मोजायला लागली. मोजताना ती नेहमी जर्मनमध्ये मोजायची. एकदा मोजून झालं, पुन्हा मोजलं. आणि मग भर बाजारात, स्ट्रॉबेरीच्या पाट्यांमध्ये उभी राहून, ती मला जे म्हणाली त्याला मी अजिबात तयार नव्हते.

"तीस दिवस होऊन गेले की गं. तू मला एक तास ठेवलास!"

"मावशी, श्रीकांत म्हणाला, तुझं हृदय—"

"माझं हृदय काय त्याच्याकडे ठेवायला दिलंय? माझ्या आईबापांनाही धर्माने एकच तास दिला होता. आता मथूही एक तास? मैत्रिणीसाठी बसायचं तर आमच्यात सांगितलेलंच नाही. पण मी बसले असते. सात दिवस बसले असते! तुम्हा शिकलेल्या माणसांना कुणी सांगितलं होतं माझ्या वतीने वाट बघायला?"

चिठ्ठीवाला माणूस फोन ठेवून आमच्याकडे बघत होता. मी, जिने वियोगावर शाल आणि नारळ मिळवला होता, ती मान खाली घालून उभी होते. परत जाताना मी कारणं सांगत राहिले: तेरावं, पेपर, सर्दी. सर्दीपर्यंत आल्यावर माझं मलाच ऐकवेना. मावशी भराभरा चालत होती. एकदाच म्हणाली, "आणि खारी बिस्किटं!"

घरी आल्यावर तिने सँडल उंबऱ्याबाहेर काढले. आतून एक पाट आणला, खिडकीखाली टाकला आणि भिंतीला हात लावत लावत खाली बसली. टेबलावरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं. पाच वाजत आले होते. मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

आता मात्र मला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. वाचलेलं होतं ना. त्यांच्यात शोक करणाऱ्याला भेटायला गेलेल्याने आपणहून बोलायचं नसतं. त्याने तोंड उघडेपर्यंत थांबायचं. तो बोलला नाही तर न बोलता उठून यायचं. मला ही रीत फार आवडली होती, वर्गातही मी ती सांगायची. तेव्हा निदान हे तरी नीट करू, असं म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मावशी बोलली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती. मध्येच हसली एकदा, कशाला ते कळलं नाही. मध्येच एकदा तिचे ओठ भांडल्यासारखे हलले. मी नजर खाली ठेवून बसले. उन्हं खिडकीतून उतरून तिच्या गुडघ्यांवर आली, तिथून फरशीवर, मग दिसेनाशी झाली. गार वारा सुटला. माझ्या पायांना मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायला लागलं होतं. कोण आपल्यात इतकं समजून बसतं? घड्याळात सहा वाजून गेले. तास संपला होता. मावशी उठली नाही. मी मनात म्हटलं, तिला आणखी बसायचं असेल, बसू दे. तिचं दुःख आहे, तिने ठरवावं. सात वाजत आले. समोरच्या घरात दिवा लागला. आम्ही दोघी एकमेकींसमोर, अंधारात, तोंडं मिटून.

"सुनीती," शेवटी मावशी म्हणाली. "किती वेळ लावणार आहेस?"

"मी? कशाला?"

"माझा तास मघाशीच संपला."

"मग तू उठली का नाहीस?"

"मग मी भेटायला आले," ती म्हणाली.

"कुणाला?"

ती पाटावरून उतरली, फरशीवर सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. माझ्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला.

"तुझी आई गेली आहे ना?" ती म्हणाली. "मी कधीची बसले आहे. आधी मी बोलायचं नसतं आमच्यात. पण तू काही बोलेनास, आणि माझी कंबर मोडायला आली."

मी तोंड उघडलं. घाटात घोटलेली वाक्यं होती, चांगली होती. तेराव्याला मी सगळ्यांना तीच ऐकवली होती, आणि घरी आलेली माणसं बाहेर पडताना म्हणाली होती, सुनीती किती धीराची. त्यातलं एकही आता येईना. गेला महिनाभर मी 'मातोश्री' म्हटलं होतं, 'निधन' म्हटलं होतं, 'हा प्रसंग' म्हटलं होतं, मृत्यूच्या दाखल्यासाठी पूर्ण नाव सांगितलं होतं, दुपारी बूथमध्ये मथू म्हटलं होतं.

"आई गेली," मी म्हटलं.

मावशीने अंधारात चाचपून माझा हात शोधला.

"कधी गं?" तिने विचारलं.

मग मी त्या पहाटेपासून सांगायला सुरुवात केली.